उतरलेले कपडे

वैष्णवी रस्त्यानं निघाली की गल्लीतल्या बायका आधी तिच्या बाह्यांकडे बघायच्या आणि मग तोंडाकडे. बाह्या होत्याच तशा. एक चौकड्याची, तर दुसरी सपक राखाडी. कधी कुर्त्याच्या छातीवर पुरुषी कोटाचा खिसा, झाकणासकट. कधी खालच्या घेराला कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या पडद्याची झालर. "काय घालून राहिली ही पोरगी!" असं बायका एकमेकींना म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या. नावं ठेवायची हौस भारी असते, पण तिला रोज नवं काहीतरी लागतं, आणि ते वैष्णवी बिनतक्रार पुरवत होती.

साल पंच्याण्णव. लातुरात तेव्हा दोन धंदे जोरात होते, सिमेंटचा आणि शिकवणीचा. भूकंपात पडलेली खेडी तिकडे नव्यानं बांधली जात होती आणि इकडे नांदेडपासून सोलापूरपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन पडत होती. ज्याच्या घरात एक खोली रिकामी त्यानं ती भाड्यानं दिली आणि ज्याला दोन समीकरणं येत होती त्यानं क्लास काढला. या सगळ्यात गुरुपादप्पा सरांचा क्लास म्हणजे काशी. त्यातही त्यांची मेरिट बॅच. त्या बॅचमध्ये बसलं की मेडिकलची जागा ठरलीच, अशी गावाची श्रद्धा होती, आणि वैष्णवीचीही होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. पत्र्याच्या शेडमधल्या शाळेतून दहावी देऊन ती बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आली, तेव्हा सरांनी स्वतः घरी येऊन तिला बॅचमध्ये घेतलं होतं, फी न घेता. आता ती बारावीला होती आणि वर्षभर त्या बाकावर टिकून राहणं हेच तिचं सगळं भांडवल होतं.

तिचे वडील रेणुकादास गुरुजी निलंग्याच्या पुढं एका गावी प्राथमिक शिक्षक होते. गणपती बोळवून उशिरा घरी आल्यामुळं बापलेक त्या रात्री ओसरीवरच आडवे झाले, आणि आई, चंद्रप्रभाबाई, आत झोपली. पहाटे धरणी हलली तेव्हा दगडमातीची जाड भिंत आतल्या अंगाला पडली. आई गेली. तिचं एक लुगडं, एक पोलकं, हाताला लागेल अशी चिंधीसुद्धा मागं राहिली नाही. वैष्णवीच्या अंगावर होते तेवढे कपडे उरले.

मग ट्रक आले. कुठून कुठून आले ते देवाला ठाऊक. धान्य आलं, तंबू आले आणि कपडे आले. कपड्यांचे तर डोंगर. सुटाबुटाचे कोट, लोकरीच्या पाटलोणी, टिकल्यांचे झगमगते झगे, एका पायातला बूट. एका गाठोड्यात पोहायचे कपडे निघाले, ते बघून बायकांनी आधी देवाचं नाव घेतलं आणि नंतर पोट धरून हसल्या. त्या दुःखातही हसल्या, हे सांगायला हवं. थंडी पडली तेव्हा गुरुबसप्पा म्हाताऱ्यानं बायकी लांब कोट चढवला, त्याच्या कॉलरीला केसाळ पट्टी होती, आणि त्यात ते चावडीच्या जागी एखाद्या जहागीरदारासारखे बसायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "ऊब लागती. तुझ्या बापानं आणलाय का?" वैष्णवीला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

तिच्या वाट्याला एक निळी कमीज आली होती. मापाची होती, चांगली होती, छातीवर रेशमानं मोर काढलेला होता. त्या मोराला एकच डोळा होता, दुसऱ्याच्या वेळी बहुधा दोरा संपला असावा. गुरुजींची बदली लातूरजवळच्या शाळेवर झाली, बापलेक वहिदाखाला नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात दोन खोल्या घेऊन राहायला आले, आणि क्लासच्या पहिल्या दिवशी वैष्णवी तीच कमीज घालून गेली.

मधल्या सुट्टीत नाजिया नावाची मुलगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. गंजगोलाईच्या बाजारात तिच्या अब्बाचं कापडाचं दुकान होतं. ती आनंदानं ओरडली, "अगं, हा तर माझा ड्रेस! हा मोर माझ्या नांदेडच्या फुप्पीनं काढलाय. बघ, एकच डोळा!" पोरीच्या मनात पाप नव्हतं. हरवलेली वस्तू दिसली म्हणून ती हरखली होती. पण सगळा वर्ग वळून बघायला लागला आणि मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला की नाजियाचा ड्रेस या पोरीच्या अंगावर कसा आला. नाजियाच्याही डोक्यात पडला. तिनं तोंडावर हात ठेवला, पण शब्द गेला तो गेला.

वैष्णवीला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की आपण उघड्या आहोत. तंबूत राहताना वाटलं नव्हतं, रांगेत ताटली धरून उभं राहताना वाटलं नव्हतं. इथं अंगभर कपडे होते आणि तरी वाटलं, कारण त्या कपड्यात दुसरंच कुणीतरी राहत होतं. घरी येऊन तिनं ती कमीज उतरवली आणि वहिदाखालाच्या मशीनपाशी जाऊन बसली. वहिदाखाला बायकांचे कपडे शिवायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती.

"खाला, कात्री द्या."

"फाडून टाकती काय? चांगला कपडा हाय, अल्लाला आवडायचं न्हाई."

"फाडत न्हाई. शिवती. तुम्ही नुसतं दाखवा."

तिनं मोराचे दोन तुकडे केले. एक पाठीवर उलटा लावला, एक खिशाच्या आत गेला. ट्रकमधून आलेल्या एका चौकड्याच्या पाटलोणीच्या बाह्या झाल्या, कोटाच्या चकचकीत अस्तराची गळपट्टी झाली. टिपा वेड्यावाकड्या होत्या, पण बेत पक्का होता. देणाऱ्याला आपलं दिलेलं ओळखू येता कामा नये, एवढाच तो बेत. दुसऱ्या दिवशी ते घालून ती नाजियापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आता सांग, कुणाचा हाय?"

नाजियानं पुढून बघितलं, मागून बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "तुझा." आणि पुढच्या आठवड्यात दुकानातले कटपीस पिशवीत घालून तिच्या बाकावर ठेवून गेली. मैत्री झाली ती अशी.

सुरुवात रागातून झाली होती, पण पुढं त्याची गोडी लागली. गुरुजी पगारदार होते. पहिल्याच दिवाळीला त्यांनी लेकीला दोन पांढरे ड्रेस आणले. ते तिनं घडी घालून ट्रंकेत ठेवले. तिला आता दुकानातलं काही नकोच होतं. कोटाच्या पाठीचं काय होईल, टायांच्या पट्ट्या जोडल्या तर घेर कसा पडेल, हेच तिला भौतिकशास्त्राची गणितं सोडवतानाही सुचायचं. सकाळी आरशात बघितलं की आतून काहीतरी ताठ व्हायचं. हे मी केलं, असं वाटायचं. आई गेल्यापासून दुसऱ्या कुठल्या गोष्टीनं तसं वाटलं नव्हतं.

गुरुजींना मात्र हे पसंत नव्हतं. ते स्वतः कपड्यांच्या बाबतीत कडक. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा ते खळ घालून स्वतः धुवायचे आणि पितळी तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री करायचे. घडी एवढी धारदार, की शाळेतली पोरं त्यावरून पैजा मारायची. "चारचौघांसारखं राहावं, वैशू," ते म्हणायचे. "सरांचे उपकार आहेत आपल्यावर. उगाच डोळ्यावर येऊ नये." ती हसून विषय बदलायची. ते तोंड वाईट करायचे.

जून उजाडला. नव्या बॅचांचे प्रवेश सुरू झाले आणि क्लासवाल्यांच्या जाहिरातींना ऊत आला. एकच मेरिटवाला मुलगा तीन-तीन क्लासांच्या बोर्डावर हसत होता. गुरुपादप्पा सरांनी वैष्णवीला फोटो स्टुडिओत बोलावलं. सर सफारी घालायचे, गळ्यात पेनाची दोरी अडकवायचे आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. स्टुडिओत मुलांसाठी एक काळा कोट टांगलेला होता. आजवरचे सगळे हुशार विद्यार्थी त्याच एका कोटात, पाठीमागून चिमटे लावून, अमर झाले होते. वैष्णवीसाठी मात्र सरांनी वेगळी तयारी केली होती. त्यांनी पिशवीतून जुन्या बाजारातून आणलेला एक फाटका, मळकट फ्रॉक काढला.

"हा घाल. केस जरा विस्कट. आणि हसू नकोस."

"सर, माझ्याकडं कपडे हायत." तिनं त्या दिवशी जांभळ्या मखमलीची गळपट्टी लावलेला, दोन रंगांचा कुर्ता घातला होता. केस तेल लावून घट्ट विंचरले होते.

"अगं, जाहिरातीपुरतं. भूकंपात घर गेलं, आई गेली, सरांच्या क्लासनं हात दिला. लोकांच्या काळजाला भिडलं पाहिजे."

"मी हाय तशी काढा. न्हाईतर फोटो नको."

सर गालात हसले आणि फोटोग्राफरला म्हणाले, "काढ. जशी आहे तशी काढ." वैष्णवी घरी उड्या मारत आली. तिला वाटलं, आपण जिंकलो. जाहिरातवाल्यांशी व्यवहार करायची तिची ही पहिलीच वेळ होती.

बोर्ड लागला तो गावाच्या ऐन मध्यावर, गंजगोलाईकडं जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी. पत्र्यावर हातानं रंगवलेला, दुमजली उंचीचा. तोंड तिचंच होतं, फोटोवरून उतरवलेलं. पण गळ्याखाली सगळं निराळं होतं. खांद्यावरून ओघळलेला राखाडी फाटका फ्रॉक, त्याला भोकं, भोकांतून दिसणारं अंग. केस पिंजारलेले, गालावर एक टपोरा अश्रू आणि मागं पडकं घर. वर लिहिलं होतं, 'धरणीनं हिरावलं, सरांनी सावरलं!' रंगवणारा होता अम्मार, वहिदाखालाचा धाकटा भाऊ. तो संध्याकाळी खाली मान घालून म्हणाला, "मी काय करू, वैशू? सरांनी जसं सांगितलं तसं रंगवलं. म्या म्हटलं, पोरगी अशी न्हाई राहत. तर म्हनले, तू रंग लाव, अक्कल लावू नको."

वैष्णवी दोन दिवस त्या रस्त्यानं गेली नाही. गुरुजी जाऊन बघून आले. "मोठा आहे बोर्ड," एवढंच म्हणाले. मग चपला काढता काढता म्हणाले, "सरांचा हेतू वाईट नसेल."

आणि मग गाठोडी यायला लागली.

आधी निवृत्त तहसीलदारांच्या बाई आल्या. रिक्षातून उतरल्या, हातात बोचकं. "गुरुजी, बोर्ड बघितला हो. पोटात तुटलं. नातीचे हायत, नव्यासारखे हायत. पोरीला होतील." गुरुजींनी हात जोडले. नाही म्हणायचं त्यांना कधी जमलंच नव्हतं. मग मेसवाल्या साखराबाई आल्या, मग दवाखान्यातली नर्स आली, मग तर ओळखी-अनोळखी कुणीही यायला लागलं. गाऊन आले, परकर आले, कुणी तान्ह्या बाळाची टोपडी दिली. ती कुणासाठी ते देणाऱ्यालाच ठाऊक. माणसं वाईट नव्हती, अजिबात नव्हती. कपाट आवरायचं आणि पुण्य कमवायचं, ही दोन्ही कामं एका खेपेत होत असतील तर कोण सोडेल? खोलीचा कोपरा भरला, मग खाटेखालची जागा भरली. बोर्डावरची पोरगी रोज नवा ड्रेस घालून क्लासला जाते हे सगळं गाव बघत होतं, तरी गावाचा विश्वास बोर्डावर बसला होता.

शेवटी एके दिवशी गुरुजींच्या शाळेचे मुख्याध्यापक घरी आले. चहा प्याले, इकडचं तिकडचं बोलले, आणि जाताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटलोण टेबलावर ठेवली. "गुरुजी, राग मानू नका. कंबर थोडी ढिली होईल, पण कापड टेरिकॉटचं हाय."

ते गेल्यावर गुरुजी खुर्चीत बसून राहिले. अंगावर खळीचा सदरा, बाहीची धार तशीच. दिवा लावायची वेळ झाली तरी उठले नाहीत. वैष्णवीनं बापाचं तोंड बघितलं. तिला कुणी काही दिलं तर ती ते कापून आपलं करू शकत होती. हा माणूस काय करणार होता?

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, बोर्ड उतरवा. न्हाईतर माझे कपडे रंगवा. माझे खरे."

सर रागावले नाहीत. उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "बस. त्या बोर्डामुळं किती पोरं येऊन राहिलीत, कल्पना आहे तुला? तुझे ते ठिगळांचे कपडे बघून कुणाला दया येणार? वैष्णवी, लोकांना तू फाटक्यातच आवडतेस. वाईट वाटून घेऊ नकोस, जग असंच असतं. निकाल लागेपर्यंत बोर्ड हलायचा नाही." मग ते कागद चाळायला लागले. "बॅच नको असेल तर तसं सांग. बाहेर रांग आहे."

ती बाहेर आली. रांग खरंच होती. आपापल्या बापांचा हात धरून पोरं उभी होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं, आणि ती बॅच आपल्याला किती हवी आहे हे तिला नेमकं तेव्हा कळलं. आठवडाभर ती क्लासला जात राहिली. वर्गात पहिल्या बाकावर बसली, चाचणीत पहिली आली. रोज घरी आली की दारात नवं गाठोडं असायचं.

रविवारी दुपारी तिनं सगळी गाठोडी वहिदाखालाच्या खोलीत ओढत नेली.

"खाला, मशीन रिकामं हाय का?"

"हाय की. काय शिवायचं?"

"कुर्ता. बोर्डाच्या मापाचा."

वहिदाखालानं तोंडातल्या टाचण्या एक एक करून काढल्या, उशीला टोचल्या आणि मगच बोलली. "या खुदा! तुझं डोकं ठिकाणावर हाय ना? सर बॅचमधून काढंल."

"काढंल."

"मग डॉक्टरकीचं काय?"

"ते मला बी ठाऊक न्हाई, खाला. पण त्या फाटक्यात उभं राहून मला डॉक्टर व्हायचं न्हाई." तिनं पहिल्या गाठोड्याची गाठ सोडली.

वहिदाखालानं भावाला हाक मारली. अम्मारनं मान खाजवत सांगितलं, की गळ्यापासून फ्रॉकच्या टोकापर्यंत दोन पुरुष उंची आहे आणि खांदे बैलगाडीएवढे रुंद. शिडी देईन म्हणाला, पण वर चढणार नाही, सरांकडून पुढच्या बोर्डाचं काम यायचं आहे. बहिणीनं त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. नाजिया कटपीसची पिशवी घेऊन आली आणि खडूनं फरशीवर गळा आखायला बसली. गाऊन उसवले, परकर उसवले. पडदे, चादरी, शेरवानीचं अस्तर, सगळं फरशीभर पसरलं.

त्यात गुरुजी आले. ते दारात उभे राहून एवढा पसारा बघत राहिले. मशीन थांबलं. वैष्णवी मनातल्या मनात तयार झाली, आता सरांचे उपकार निघणार, चारचौघांसारखं निघणार. तिनं उत्तरही जुळवून ठेवलं होतं.

गुरुजींनी चपला काढल्या. आत जाऊन ते वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन आले, फरशीवर मांडी घालून बसले आणि दाढीचं अर्धं पातं घेऊन मुख्याध्यापकांची पाटलोण उसवायला लागले. एक अख्खी बाजू उसवून झाल्यावर त्यांनी कापड दोन्ही हातांनी ताणून बघितलं. "टेरिकॉट आहे," ते म्हणाले. "खांद्याला घ्या. वाऱ्याला टिकेल."

वैष्णवीनं जुळवलेलं उत्तर तसंच गिळलं आणि डोळे पुसून पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली.

सकाळची बॅच सुटते आणि दुसरी भरते त्या वेळेला बोर्डासमोरच्या चौकात सायकलींचा पूर असतो. मुद्दाम तीच वेळ धरून शिडी लागली. वैष्णवी वर चढली, कमरेला कुर्त्याचं एक टोक बांधून, ओढणीत खिळे आणि हातात हातोडी. खाली गुरुजी शिडी धरून उभे, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. नाजिया आणि वहिदाखाला खालून कापड सोडत होत्या. आधी कुणाला काही कळेना. मग पहिला खांदा लागला, दुसरा लागला, कुर्ता उलगडत उलगडत खाली आला आणि तो राखाडी फ्रॉक त्याखाली गेला. लाल, पिवळा, चौकड्याचा, फुलाफुलांचा. छातीवर खिसा एवढा मोठा की त्यात एक पोरगं मावेल. एक बाही पडद्याची, एक गाऊनची. पोरांनी सायकली थांबवल्या. रिक्षावाले उतरले. तहसीलदारांच्या बाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांना आपल्या नातीचे कपडे त्यात कुठं दिसले नाहीत, पण बोर्ड मात्र आवडला. "आता कशी शोभती पोरगी," असं त्या मोठ्यांदा म्हणाल्या.

गुरुपादप्पा सरांची गाडी आली. सर उतरले ते लाल होऊनच. "खाली उतर! आधी खाली उतर!"

"थोडे खिळे राहिलेत, सर."

"ही माझी जाहिरात आहे! पैसे मोजलेत मी! उद्यापासून तू बॅचला यायचं नाही. ऐकलंस? सगळ्यांसमोर सांगतोय."

हेच होणार हे वैष्णवीला ठाऊक होतं. पहिला बाक गेला, चाचण्या गेल्या, बाहेरच्या रांगेतलं कुणीतरी उद्या तिथं बसणार. तिनं शिडी घट्ट धरली आणि मान वळवून खाली बघितलं.

"बॅच तुमची हाय, सर," ती म्हणाली. "अंग माझं हाय."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. सर गुरुजींकडं वळले. आवाज खाली आणून, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शिक्षक माणूस. पोरीचं वर्ष जाईल. तुम्ही तरी सांगा तिला."

गुरुजींनी एकदा त्या हाताकडं बघितलं. इस्त्री चुरगळत होती. "सर, जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "शिडीचा पाय तुमच्या बुटावर येतोय."

आता लोक उघड हसले. सरांनी अम्मारला गर्दीतून हेरलं आणि कुर्ता ओढून काढायला सांगितलं. अम्मारनं बहिणीकडं बघितलं, पुढच्या बोर्डाचा विचार केला, आणि हात खिशात घातले. "माझं काम रंगाचं हाय, सर. शिवणकामाला मी हात लावत न्हाई."

"मी माणसं आणतो! संध्याकाळच्या आत हे खाली आलेलं असेल!"

"आणा," वैष्णवी वरून म्हणाली. "काढा तुम्ही. मी परत शिवीन. तुमचा फाटका फ्रॉक जोवर वर हाय, तोवर लोक आमच्या घरी गाठोडी आणणार. मला कापडाला तोटा न्हाई, सर. फ्रॉक तुम्ही रंगवलाय, तुम्हीच पुसा."

सरांना हे आधी नीट कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी मान वर करून बोर्डाकडं बघितलं. वर त्यांनीच काढायला लावलेला टपोरा अश्रू होता आणि त्याच्याखाली एवढा थाटाचा कुर्ता, की तो अश्रू कशाचा, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

वैष्णवीनं घेराला खिळे ठोकले. खाली गुरुजी मान वर करून, डोळ्यांवर हात धरून निरखत होते. त्यांनी आयुष्यभर फळ्यावरच्या रेघा सरळ ओढल्या होत्या.

"वैशू," ते म्हणाले, "डावी बाही जरा खाली आलीय."

"असू द्या, अण्णा. मला तशीच पाहिजे."

त्यांनी क्षणभर विचार केला. "बरं," म्हणाले, आणि शिडी पुन्हा दोन्ही हातांनी धरली.